जाळीवरची पावलं

“त्याच्या बुटात काहीतरी आहे,” शेडगेमामा म्हणाले. हातात चहाचा कप होता आणि नजर कपात.

“कुणाच्या?”

“आत्ता गेला तो. निळी पिशवी. वळून बघू नका मॅडम, तुम्ही लगेच मान वळवता.”

मी मान वळवलेलीच होती. पहिली पाळी साडेतीनला सुटली होती आणि मे महिन्याच्या त्या रखरखीत उन्हात माणसं भराभर बसथांब्याकडे चालली होती. निळी पिशवी खांद्याला लावलेला तो विनायक गुरव होता. आमच्या क्लीनिंग सेक्शनमध्ये एकतीस बायका होत्या आणि विनायक हा एकटा पुरुष. कॅन उचलायचे, ट्रे पोचवायचे आणि हात रिकामे झाले की बायकांच्या बरोबरीनं पुसायला बसायचं, हे त्याचं काम.

“मला तर काही वेगळं दिसत नाही,” मी म्हणाले.

“दिसायचं नाही. ऐकायचं.” मामांनी कप खिडकीत ठेवला. “याचं पाऊल आधी टाच आणि मग चवडा असं पडायचं. टक्-टक्. पंधरा दिवस झाले, सगळं पाऊल एकदम पडतंय. फटक्. आणि पाय उचलताना गुडघा वर येतो, चिखलातून चालल्यासारखा. मोकळ्या पायाचा माणूस असा चालत नाही. पायाशी वजन आहे.”

गेटाच्या आतल्या बाजूला पावसाळी गटारावर लोखंडी जाळी होती, दीड हात रुंद. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुरुषाची दोन पावलं तिच्यावर पडायची. शेडगेमामांची केबिन तिला लागूनच होती. बावीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या गेटांवर काढली होती आणि त्यातली शेवटची सहा या जाळीपाशी.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून विजेचे रिले बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागून नऊ महिने झाले होते. नाशिकबाहेरच्या त्या औद्योगिक वसाहतीत मला ओळखीचं कुणी नव्हतं. मामांच्या केबिनमध्ये मी चहाला जाऊ लागले ती माणसाच्या ओढीनं नाही, कुतूहलानं. हा माणूस चेहऱ्याकडे बघतच नाही, हे आधी माझ्या लक्षात आलं आणि का बघत नाही हे मागाहून कळलं.

“चेहरा माणूस घरून तयार करून आणतो,” ते एकदा म्हणाले होते. “पाय तसेच येतात.”

मी त्यांची परीक्षाही घेतली होती. जाळीकडे पाठ करून बसायला लावलं आणि वीस माणसांची नावं नुसत्या आवाजावरून सांगायला सांगितली. सतरा बरोबर आली. चुकलेल्या तिघांपैकी दोघांच्या वेळी ते म्हणाले होते, “कोण ते कळत नाही, पण बूट नवे आहेत.” मी जाऊन विचारलं. दोघांचेही बूट नवे होते. ते आकडे मी माझ्या वहीत लिहून ठेवले. तेव्हा मी सगळंच लिहून ठेवायची.

क्लीनिंग सेक्शनच्या सुलभा पगारेला या चहाची फार मजा वाटायची. चाळिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई, आणि जिभेला हाड नसलेली. “ताई, रोज मामांकडं चहा! घरी पत्र टाकू का?” असं भर सेक्शनमध्ये विचारायची.

चांदीचं प्रकरण फेब्रुवारीत सुरू झालं होतं. रिलेच्या आत जिथं वीज जोडली-तुटली जाते तिथं मसुराच्या डाळीएवढा चांदीचा ठिपका बसवतात. बायका त्याला टिकली म्हणायच्या. या टिकल्या बसवण्याआधी द्रावणानं पुसून स्वच्छ कराव्या लागत. आत किती आल्या, रिलेवर किती बसल्या, उरल्या किती, हे वजन रोज माझ्या तराजूवर व्हायचं. फेब्रुवारीपासून ते जुळेना. आधी चिमूटभर कमी, मग मूठभर. मे उजाडला तोवर आठवड्याला पावणेदोनशे ग्रॅम चांदी कुठंतरी जात होती.

देवस्थळीसाहेब आमचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांनी शेडगेमामांना बोलावून सांगितलं होतं, “महिनाअखेर चोर दाखवा. नाहीतर एक जूनपासून दुसरी एजन्सी.” मामा अठ्ठावन्न वर्षांचे होते. हे गेट गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं आणि ते दोघांनाही माहीत होतं.

“उद्या धरतो त्याला,” मामा त्या दिवशी म्हणाले. “तुम्ही तराजू घेऊन या.”

चांदी सापडली तर जागेवर वजन करून सही करायला प्रयोगशाळेचं माणूस लागायचं. तो नियम होता.

दुसऱ्या दिवशी, चौदा मेला, मी छोटा तराजू घेऊन केबिनमध्ये बसले. खरं सांगायचं तर मला उत्सुकता होती. अनुमान बरोबर निघतं का, एवढीच.

जाळी वाजली. मलाही ऐकू आलं. फटक्, फटक्.

“विनू, आत ये जरा.”

“मामा, बस जाईल माझी.”

“दुसरी येते. बूट काढ.”

“का?”

“काढ म्हणतो ना.”

विनायकनं माझ्याकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तो स्टुलावर बसला. वाकून लेस सोडायला लागला. बोटं लेसवर फिरत होती, गाठीपाशी येत होती, पुन्हा निसटत होती. पाच-सहा वेळा.

“हात का कापतोय तुझा?” मामांचा आवाज चढला.

“कापत नाहीये. सापडत नाहीये.”

“काय सापडत नाहीये?”

“लेस.”

मामांनी स्वतः खाली बसून गाठ सोडली. बूट ओढला तशी पँटच्या आत काहीतरी ताणलेलं सुटल्याचा आवाज झाला, गलोलीचं रबर सुटावं तसा. मामांनी बूट उलटा केला. आपटला. आत बोटं घातली. रिकामा. मोजा उलटा केला. रिकामा. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर सारली.

गुडघ्याखाली एक पट्टा बांधलेला होता. त्याला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी शिवलेली होती आणि तिच्या टोकाला तारेचा आकडा. तो आकडा आत्तापर्यंत बुटाच्या लेसमध्ये अडकवलेला होता.

“हे काय?”

“सायकलची ट्यूब आहे.”

“ते मला दिसतंय. कशाला?”

विनायकनं अनवाणी पाय जमिनीपासून उचलून आमच्यासमोर धरला. चवडा खाली लोंबत होता, खुंटीला अडकवलेल्या पिशवीसारखा.

“वर कर,” मामा म्हणाले.

“करतोच आहे.”

मामांनी उकिडवं बसूनच दुसऱ्या पायाची पँट वर सारली. तिथंही पट्टी होती.

“ट्यूबनं चवडा वर ओढला जातो,” विनायक सांगायला लागला. एखाद्या यंत्राविषयी सांगावं तसं. “नाहीतर जाळीत अडकतो. एकदा पडलो मी इथंच, मामा, तुम्ही सुट्टीवर होता. मग हे बनवलं. बायकोनं शिवून दिलं.”

“कधीपासून आहे?”

“मार्चपासून मुंग्या यायच्या. मग असं झालं.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“एक तारखेनंतर दाखवतो.”

एक तारीख म्हणजे काय ते आम्हा दोघांना समजलं. सात वर्षं कंत्राटात काढलेल्या बारा जणांची नावं कायम करायच्या यादीत लागली होती. ऑर्डरी एक जूनला निघणार होत्या.

“अठरा दिवस राहिलेत, मामा,” विनायक म्हणाला. “वैद्यकीय तपासणी जानेवारीतच झाली, त्यात पास आहे मी. आता कुणी पायाचं बोललं तर माझं नाव खोडतील. दुसरा घालायला त्यांना वेळ लागतो का? ऑर्डर हातात पडू द्या. मग तुम्ही म्हणाल त्या दवाखान्यात येतो, लंगडत येतो.” त्यानं हसायचा प्रयत्न केला. “चोर नाही ना मी? एवढंच लिहा.”

गेटावर कुणाला अडवलं की का अडवलं, काय सापडलं, हे नोंदवहीत लिहावं लागायचं. मामांची नोंदवही टेबलावर उघडीच होती आणि पेन मध्ये ठेवलेलं होतं. बावीस वर्षांत दिवसाची एक ओळ आपण चुकवली नाही, हे ते अभिमानानं सांगत. त्यांनी पेन उचललं. खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या. हे कशानं होतं?”

विनायकही माझ्याकडे बघत होता. त्याची बोटं मांडीवर होती आणि नखांभोवतीची कातडी पांढरी, भेगाळलेली होती. त्याच्या शर्टाला केरोसिनसारखा हलका वास येत होता. तो वास मला ओळखीचा होता.

“बी-ट्वेल्व्ह कमी असेल,” मी म्हणाले. “जीवनसत्त्व. त्याच्या कमतरतेनं होतं असं.”

“गोळ्या असतात?”

“असतात.”

“बघ!” मामांनी विनायकच्या पाठीवर थाप मारली. “गोळ्यांचं काम आहे. उगाच घाबरतोस लेका.” आणि त्यांनी नोंदवही मिटली.

मी रिकामा तराजू घेऊन प्रयोगशाळेत परत आले. तिथं तेव्हा कुणी नव्हतं. कपाटातून नोव्हेंबरची फाइल काढली आणि टेबलाशी बसून वाचली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फाइल परत ठेवली, बाकीच्या फायलींच्या मागे.

दुसऱ्या दिवशी मी विनायकला गोळ्या आणून दिल्या. प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांचा एक खोकाही दिला. “काम करताना घाल,” म्हटलं. “खिडकीपाशी बस.” गोळ्या त्यानं कपाळाला लावून घेतल्या. हातमोजे चार दिवसांनी परत आणून दिले.

“यात टिकली हाताला लागत नाही, मॅडम. तशीच लागत नाही, त्यात हे.”

मी खोका घेतला.

त्या आठवड्यातही चांदी कमीच भरली.

“म्हणजे विनू नव्हता,” शेडगेमामा म्हणाले. तारीख बावीस मे होती. त्यांचे डोळे ओढलेले होते. देवस्थळीसाहेबांनी नव्या एजन्सीच्या माणसाला गेट दाखवायला आणलं होतं म्हणे, आणि मामांनीच त्याला जाळी कुठं आहे, कुलपं कुठं आहेत हे समजावून दिलं होतं. “आता राहिल्या बायका. पण त्यांचं गेट मागच्या बाजूला. तिथं जाळी नाही. चंद्रकलाबाई हातानं झडती घेते, पण तिला पिशव्यांपलीकडं काही दिसत नाही. मॅडम, तुम्ही त्याच गेटानं जाता-येता. माझ्यासाठी एक दिवस बघा. पायाकडं बघा. रोजच्यापेक्षा काय वेगळं आहे, एवढंच सांगा.”

मी बघितलं. बायकांच्या गेटाशी एक पायरी होती. साडेतीनला मी तिच्यापाशी उभी राहिले, घड्याळ बघत कुणाची वाट बघत असल्यासारखी. नऊ महिने मी याच बायकांमधून ये-जा करत होते. काही जणींच्या चपला बदलल्यात हे मला मार्चमध्येच दिसलं होतं. साध्या स्लीपर जाऊन मागे पट्टा असलेल्या चपला आल्या होत्या. बाजारात सेल लागला असेल, असं मनात येऊन गेलं होतं. आता जवळून बघितलं. चार जणींचे पट्टे विकतचे होते. आणखी पाच जणींनी परकराची नाडी, रबर, एकीनं तर राखीचा रेशमी दोरा चपलेला बांधून तो घोट्याभोवती आवळला होता. चप्पल पायात राहावी म्हणून. पायरी उतरताना त्या भिंतीला हात लावत होत्या, अगदी सहज, बोलता बोलता.

मी मोजलं. एकतीसपैकी नऊ.

“काय ताई, आज मामांचा चहा चुकला?” सुलभा पगारे शेवटी आली. तिच्या हातातून डबा पडला, झाकण घरंगळत गेलं. ती वाकून उचलायला लागली आणि हसली. “आजकाल हातातून सगळंच निसटतंय बघा. आता नवरा तेवढा राहिलाय.”

बाकीच्या हसल्या. मीही हसले. झाकण मी उचलून दिलं.

केबिनमध्ये मामा उभेच होते.

“काय दिसलं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“नेहमीसारख्याच आहेत, मामा.”

ते थोडा वेळ खाली बघत राहिले. मग “बरं” म्हणाले आणि माझ्यासाठी ठेवलेला चहा पुढे केला. चहा गार झाला होता.

दहा दिवस राहिले होते. दहा दिवसांनी विनायकच्या हातात ऑर्डर पडेल, मग मी सगळं सांगेन, असं मी स्वतःला सांगत होते. एका माणसाच्या सात वर्षांचा प्रश्न होता. हे कारण मला पुरत होतं. रात्री झोप लागत होती.

सत्तावीस मेला, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, मी वजनाचा कागद घ्यायला जोडणी विभागात गेले होते. क्लीनिंग सेक्शन वरच्या मजल्यावर होता. पुसलेल्या टिकल्यांचे ट्रे लोखंडी जिन्यानं खाली यायचे. विनायक त्या दिवशी रजेवर होता म्हणून ट्रे बायकाच आणत होत्या.

मला आधी आवाज ऐकू आला. फटक्, फटक्. जिन्याच्या पायऱ्याही जाळीच्याच होत्या. वर बघितलं तर सुलभा दोन्ही हातांत ट्रे धरून उतरत होती आणि पाय दिसत नसल्यामुळं अंदाजानं पायरी शोधत होती. चवडा पायरीच्या कडेला अडकला. ओरडली नाही ती. ट्रे आधी सुटला आणि मग ती आली, अकरा पायऱ्या.

हजारो टिकल्या सिमेंटच्या फरशीवर उधळल्या. त्यांचा आवाज तिच्या पडण्याच्या आवाजानंतरही बराच वेळ चालू राहिला.

कुणीतरी तिच्या डोक्याखाली हात घातला. तिचा डावा पाय मांडीपासून वेडावाकडा वळला होता. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “चांदी गोळा करा गं. माझ्यावर येईल. चांदी गोळा करा.”

आणि बायका वरून धावत आल्या आणि चांदी गोळा करायला बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नाही. चार महिने प्रत्येकीच्या पिशवीची, केसांची, पोलक्याची झडती होत होती. भीती अंगात मुरली होती. दहा-बारा जणी गुडघ्यांवर बसून फरशीवरून हात फिरवू लागल्या.

शिटी वाजवत शेडगेमामा आत आले. स्ट्रेचर मागवलं, देवस्थळीसाहेबांना बोलवायला माणूस पाठवला, सुलभाच्या तोंडाला पाणी लावलं. मग ते उठले आणि त्यांची नजर फरशीवर गेली, आणि तिथंच राहिली.

बायका टिकल्या उचलत होत्या आणि टिकल्या उचलल्या जात नव्हत्या. बोटं चांदीवर यायची, चिमूट मिटायची, हात वर जायचा आणि टिकली फरशीवरच असायची. एकजण हात ओंजळीत झटकत होती, रिकामा. तिला वाटत होतं की बोटांत काहीतरी आहे. एकीनं शेवटी जिभेनं तळहात ओला केला आणि फरशीवर दाबला. चार टिकल्या चिकटून आल्या. मग बाकीच्याही तसंच करायला लागल्या.

मामा ते बघत राहिले. मग जोडणी विभागाच्या भिंतीलगत वरच्या सेक्शनचं सांडपाणी येणारी नाली होती, तिच्याकडे गेले. तिच्यावरची फळी त्यांनी बुटानं सरकवली. तळाच्या काळ्या गाळात चांदी होती. नंतर आम्ही ती काढली, धुतली, मी वजन केलं. पुसायच्या फडक्यांच्या गोणीतही होती. टेबलांच्या खाचांत होती. फेब्रुवारीपासून गेलेली जवळजवळ सगळी.

चोर नव्हताच. त्यांच्या बोटांतून ती गळत होती आणि बोटांना कळत नव्हतं.

मामा माझ्याजवळ आले. हळू बोलले.

“मॅडम, हे जीवनसत्त्व नाही.”



ते केबिनमध्ये गेले आणि त्यांनी नोंदवही उघडली. तासभर लिहीत होते. संध्याकाळी ती वही घेऊन ते स्वतः कामगार खात्याच्या ऑफिसात गेले. देवस्थळीसाहेबांना आधी दाखवली नाही.

पुढचं भराभर झालं. क्लीनिंग सेक्शनला टाळं लागलं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना तपासलं तेव्हा नऊ नाही, चौदा बायका निघाल्या, आणि विनायक. कायम करायची यादी एक जूनला लागली तेव्हा तिच्यात अकरा नावं होती. काम थांबल्यावरही दोन-तीन महिने त्यांचे हातपाय आणखी बिघडत गेले, आणि मग कुठं उतार पडायला लागला. विनायकला ट्यूबशिवाय चालता यायला सव्वा वर्ष लागलं. सुलभाच्या खुब्याचं हाड जुळलं, पण आखूड जुळलं.

शेडगेमामांची एजन्सी ठरल्याप्रमाणं गेली. एकतीस मेला त्यांनी शिटी, पट्टा आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर मांडून ठेवला. मी केबिनच्या दारात उभी होते.

“तुम्ही लिहिलं नसतंत तर निदान हे गेट तरी राहिलं असतं,” मी म्हणाले.

“लिहायला तेरा दिवस उशीर केला,” ते म्हणाले. “चौदा तारखेला लिहिलं असतं तर ती बाई पडली नसती. एवढं बघत आलो, आणि पायाकडं बघून माझ्या डोक्यात काय आलं? चोरी. दुसरं काही आलंच नाही.”

“मामा, मी तुम्हाला…”

“तुम्ही ‘काही नाही’ म्हणालात ना, बायकांच्या गेटाचं विचारलं तेव्हा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तेव्हा उजवा पाय मागं घेतलात. कधी घेत नाही तुम्ही. एवढं मला दिसलं.” किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सरळ केला. “पुढचं मी विचारलं नाही. तीही माझीच चूक.”

ते जाळीवरून बाहेर गेले. टक्-टक्, टक्-टक्.

चौकशी ऑगस्टमध्ये झाली. चौकशी अधिकारी बाई होत्या, शांत, कोरड्या आवाजाच्या. त्यांनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले.

पहिला नोव्हेंबरचा होता. टिकल्या पुसायचं जुनं द्रावण सावकाश सुकायचं, म्हणून नवं शोधायचं काम दिवाळीनंतर माझ्याकडे आलं होतं. चार पदार्थांची चाचणी मी घेतली होती. हेक्झेन सगळ्यांत सरस ठरलं होतं. सुकायला चाळीस सेकंद. चांदीवर अवशेष शून्य. खाली माझी सही. देवस्थळीसाहेबांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. बायकांनाही ते आवडलं होतं. हाताला गार लागायचं. त्याला त्या गारपाणीच म्हणायच्या.

“ही सही तुमची?”

“हो.”

“हा पदार्थ सतत हाताळला तर हातापायांच्या नसा मरतात, हे तुम्हाला कधी कळलं?”

नमुन्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकाला तीन पानं होती. नोव्हेंबरात मी पहिलं वाचलं होतं. सुकण्याचा वेळ त्यावर होता. दुसरं पान मी चौदा मेला चार वाजून दहा मिनिटांनी वाचलं.

मी उत्तर द्यायच्या आत बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. मामांच्या नोंदवहीतल्या पानाची प्रत होती. ठसठशीत, उभं अक्षर. “दि. १४ मे. विनायक गुरव यास गेटावर अडवले. बुटात काही नाही. दोन्ही पायांस दुखणे. त्या दिवशी लिहिले नाही, आज दि. २७ रोजी लिहीत आहे. चूक माझी.” त्याखाली बारा ओळींत त्या तेरा दिवसांत त्यांनी जे जे पाहिलं आणि ऐकलं ते होतं. तारीखवार. बावीस तारखेसमोर फक्त नव्या एजन्सीचा माणूस गेट बघून गेल्याची नोंद होती. आणि शेवटी एक ओळ.

“प्रयोगशाळेच्या मॅडमना कारण विचारले. त्यांना माहीत नव्हते.”

“या नोंदीप्रमाणे मे महिन्यात तुम्हाला याची कल्पना नव्हती,” बाई म्हणाल्या. “इतक्या बारकाईनं लिहिणारा वॉचमन मी पाहिला नाही. बाकीची प्रत्येक नोंद आम्ही ताडून पाहिली. सगळ्या खऱ्या निघाल्या. ही बरोबर आहे?”

टेबलाखाली माझा उजवा पाय मागे गेला होता. मी तो पुढे घेतला.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

“मग इथं सही करा.”

मी केली.